पप्पांचा दुसरा बाप्तिस्मा

"पप्पा, परवा चर्चमध्ये कुणी विचारलं तर तुम्ही हिंदू आहात."

पप्पांनी चहाची बशी ओठांपर्यंत नेली होती, ती तिथेच थांबली. अमेरिकेत येऊन त्यांना जेमतेम एक दिवस झाला होता. त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यापाशी उभ्या असलेल्या शुलमिथकडे पाहिलं.

"याला ताप आहे का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"ताप नाही, पप्पा," माझी बायको म्हणाली. "लाज नाही."

माझे वडील म्हणजे रेव्हरंड शांतवन साळवे. नगर जिल्ह्यातल्या अकरा गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांचे छत्तीस वर्षं पाळक, म्हणजे तुम्ही ज्याला पाद्री म्हणता ते. सायकलवर फिरून त्यांनी लोकांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, मयती पुरल्या. अशा माणसाला मी सांगत होतो की दोन-तीन दिवस जरा हिंदू व्हा. प्रकरण इथवर कसं आलं ते आधी सांगतो, म्हणजे मला किती शिव्या घालायच्या ते तुम्हाला ठरवता येईल.

त्याच्या दोन वर्षं आधी मी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या हार्लन्स फोर्क नावाच्या गावात आलो होतो. तिथल्या एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्टची नोकरी होती. मालक डेल प्रुइट. उंच, गोरा, गुलाबी, कायम नुकताच जेवून उठल्यासारखा खूश. गावातल्या न्यू गिलबोआ चर्चचा तो मोठा पंच, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक होता. पहिल्याच रविवारी तो आम्हा नवराबायकोला तिथे घेऊन गेला, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला उभं केलं आणि तीनशे लोकांना सांगितलं, "हा 'जे'. हिंदुस्थानातून आलाय. मूर्ती मागे टाकून प्रभूकडे आलाय!"

त्याचा तरी काय दोष? जयवंत साळवे हे माझं नाव ख्रिस्ती माणसाचं असू शकतं हे त्याच्या बापजन्मी कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आमच्या नगरकडे धर्म बदलला म्हणून नाव बदलत नाहीत. माझे पणजोबा खंडू म्हणून बाप्तिस्म्याला गेले आणि खंडू म्हणूनच घरी आले. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मी हे सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तीनशे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तुमच्यासाठी तीनशे गोरे लोक कधी उभे राहिलेत का? नाही ना? मग बोलू नका. शिवाय माझ्या ग्रीन कार्डाचे कागद प्रुइटच्या हातात होते. शुलमिथने मला चिमटा काढला आणि मी हसलो.

तिथे साक्ष देण्याची फार हौस. साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं वाचवलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. पहिल्या वेळी मी नुसते आभार मानले, तर लोकांचे चेहरे पडले. दुसऱ्या वेळी मी एक नाग घातला. एकदम जान आली हो! वर्षभरात माझी साक्ष अशी काही सजली की बस. माझे वडील एका मोठ्या देवळाचे पुजारी. मी चोरून प्रार्थना करायचो. त्यांनी पकडलं, घराबाहेर काढलं आणि म्हणाले, "आजपासून तू मला मेलास." चर्चमधल्या बायका दर बुधवारी जमून माझ्या त्या कर्दनकाळ बापासाठी प्रार्थना करायच्या. एक आजीबाई तर त्याच्यासाठी उपास धरायच्या.

मग आई वारली. पप्पा एकटे पडले. म्हटलं, तीन महिने इकडे या. शुलमिथला सहावा महिना होता, तिलाही माणूस हवं होतं. मला वाटलं होतं म्हाताऱ्याला व्हिसा काही मिळत नाही. मिळाला! आणि ही बातमी शुलमिथने फोनवर कुणाला तरी सांगितली, तिथून ती प्रुइटच्या कानावर गेली.

प्रुइट त्या वर्षी राज्याच्या विधानसभेला उभा होता. ऑगस्टात पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. त्याआधी, चार जुलै या त्यांच्या स्वातंत्र्यदिनानंतरच्या रविवारी, चर्चमध्ये 'देव आणि देश' असा मोठा सोहळा आणि टीव्हीचा कॅमेरा. पुजारी बाप येतोय म्हटल्यावर तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "जे, ही देवाची वेळ आहे." देवाची होती की नाही देव जाणे, प्रुइटची नक्की होती. माझ्या कागदांवर त्याची सही व्हायची होती आणि माझा व्हिसा ऑगस्टअखेर संपत होता. सही नाही झाली तर बाडबिस्तरा गुंडाळून नगरला परत. तिथे मी सगळ्यांना पेढे वाटून, स्टेशनवर हार घालून घेऊन निघालो होतो. कोणत्या तोंडाने परतणार?

पप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. ते हसत होते.

"देवळाचा पुजारी?"

"हो."

"अरे, माझ्या आजोबाला त्या देवळाच्या ओट्याला हात लावू देत नव्हते. लांब उभं राहून जोहार घालायचा आणि निघायचं. म्हणून तर तो खंडू मिशनच्या साहेबाकडे गेला. आणि तू मला थेट गाभाऱ्यात नेऊन बसवलंस? जे कुणाला जमलं नाही ते तू टेनेसीत बसून केलंस की रे!"

"पप्पा, चेष्टा नका करू. फक्त गप्प बसायचं. तुम्हाला इंग्रजी फारसं येत नाही असं समजा."

"आणि तुला घराबाहेर काढलं मी?"

मी खाली पाहिलं. मला कॉलेजला सोडायला हाच माणूस सायकलवर माझी ट्रंक बांधून बारा मैल आला होता. ते आता हसत नव्हते.

"तुझ्या आईने हे ऐकलं असतं तर तुला लाटण्याने हाणलं असतं," ते म्हणाले. "मी गप्प बसेन. खोटं मात्र बोलणार नाही."

शनिवारी दुपारी प्रुइट घरी आला. काखेत नवं कोरं इंग्रजी बायबल, त्यावर सोनेरी अक्षरांत पप्पांचं नाव. तो पप्पांशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, जणू पप्पा विहिरीच्या तळाशी उभे होते.

"मिस्टर सालव्ही! तुमच्याकडे! देव! किती?"

पप्पांनी डोकं खाजवलं. "तुमच्याकडे किती?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"एकच!"

"एकच?" पप्पांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ते प्रत्येक घरापुढे कापड लावलंय, त्याला तुम्ही छातीवर हात ठेवून वंदन करता, त्याची गाणी म्हणता, त्याला जमिनीला टेकू देत नाही. मला वाटलं, हा दुसरा."

मी घाईने चहाचा कप प्रुइटपुढे सरकवला. पण प्रुइट खो खो हसला. "अहो, तो झेंडा! देव नाही! पण चूक तुमची नाही, हा देशच प्रभूचा आहे. संस्थापकांनी गुडघे टेकून तो उभा केला." आणि त्याने बायबलमधलं एक वचन म्हटलं, देवाच्या राष्ट्राबद्दलचं, आणि ते पौलाच्या नावावर खपवलं. वचन पौलाच्या कितीतरी आधीच्या, दाविदाच्या स्तोत्रांतलं. पप्पांचे ओठ हलायला लागले. छत्तीस वर्षांची खोड ती, अशी थोडीच जाते? मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"पौल कोण?" पप्पांनी शेवटी विचारलं, आणि प्रुइटने त्यांना पाऊण तास पौल समजावून सांगितला. पप्पांनी मान हलवत ऐकलं. तो गेल्यावर म्हणाले, "माणूस वाईट नाही. वाचन नाही बिचाऱ्याचं."

मग त्यांनी ते बायबल उघडून प्रुइटने चुकवलेलं पान काढलं आणि तिथे पेन्सिलने बारीक खूण केली. शुलमिथ हसून हसून खुर्चीत बसली. मलाही वाटलं, निभावलं. एक रविवार, मग सही, मग सुटलो.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवला तर क्रूस कुठे दिसेना. होता, पण एका भल्या मोठ्या झेंड्याच्या मागे. गायनमंडळी लाल, पांढऱ्या, निळ्या कपड्यांत. आधी सैनिक उभे राहिले, मग झेंड्याची शपथ झाली, मग नाटक. देशाचा इतिहास पंचवीस मिनिटांत. चर्चमधलेच लोक जुन्या काळचे कोट घालून गुडघ्यांवर बसले आणि देशाची स्थापना केली. प्रुइट त्यांत मुख्य. पांढरा केसांचा टोप, गुडघ्यापर्यंत तुमान, आणि जुलैच्या उकाड्यात टोपाखालून घामाच्या धारा. मग जंगल साफ झालं, शेतं पिकली, कापूस आला, रेल्वे आली, अमेरिका मोठी झाली. तिथे आधीपासून राहणारे लोक नाटकात नव्हतेच, त्यामुळे त्यांना हाकलायचीही गरज पडली नाही.

पप्पा माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाले, "हा कापूस वेचला कुणी?"

"पप्पा, गप्प बसा."

"नाही, म्हणजे सगळेच गुडघ्यांवर बसलेत म्हणून विचारलं."

मग माझं नाव पुकारलं. मी वर गेलो. समोर तीनशे लोक, कॅमेरा, आणि दुसऱ्या ओळीत, शुलमिथच्या शेजारी, माझे वडील. इस्त्री केलेला पांढरा सदरा, मांडीवर हात. मला वाटलं होतं आज जरा आवरतं घ्यावं. कसलं काय! तोंडाला सवय लागली होती. नाग आला, देऊळ आलं, रात्रभर रडणं आलं. मी हात उंच करून म्हणालो, "आणि माझे वडील म्हणाले, तू मला मेलास!" तीनशे माना दुसऱ्या ओळीकडे वळल्या. पप्पा माझ्याकडे पाहत होते. मला त्यांची नजर सोसेना, म्हणून मी कॅमेऱ्याकडे पाहून पुरं केलं.

लोक रडले. मी खाली येऊन पप्पांच्या शेजारी बसलो. माझ्या दुसऱ्या बाजूला प्रुइट येऊन बसला, टोपासकट.

आता तिथला पाळक क्रेग पुढे आला. ऑर्गन हळू वाजायला लागला आणि क्रेगने हाक दिली, ज्याला कुणाला आज प्रभूला स्वीकारायचंय त्याने पुढे यावं, मागे हौदात बाप्तिस्म्याचं पाणी तयार आहे. सगळे डोळे मिटून बसले होते. म्हणजे मिटल्यासारखे करून पप्पांकडे पाहत होते.

पप्पा हलले नाहीत.

ऑर्गनने तेच कडवं पुन्हा घेतलं. प्रुइट माझ्या कानाशी लागला. "कॅमेरा अजून सहा मिनिटं आहे, जे. दोन वर्षं हे लोक या माणसासाठी प्रार्थना करतायत. तो नुसता बसून राहिला तर लोक विचारतील, ही गोष्ट काय आहे नक्की. मलाही विचारावं लागेल." मग माझा गुडघा प्रेमाने थोपटला. "उद्या सकाळी तुझे कागद माझ्या टेबलावर असतील. आज हे झालं तर किती छान वाटेल सही करायला!"

पप्पांना सगळं ऐकू गेलं होतं.

"कागदांचं म्हणतोय का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"हो."

"सही झाली नाही अजून?"

"नाही, पप्पा."

त्यांनी चष्मा काढला आणि शुलमिथच्या हातात दिला. तिने त्यांची बाही धरली. "पप्पा, नको. खाली बसा. आपण परत जाऊ नगरला, काही अडत नाही आपलं. अहो, सांगा ना त्यांना! तोंड शिवलंय का तुमचं?"

हे शेवटचं मला होतं. मी कार्यक्रमाच्या कागदाची घडी घालत होतो. आधी दोन घड्या, मग चार.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा एकदाच. तान्हेपणी पाळक कपाळावर पाणी शिंपडतो, तो जन्माचा. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिला खोटा होता असं जाहीर करणं. असं करणाऱ्या दोघांना पप्पांनी स्वतः, रडत रडत, मंडळीबाहेर ठेवलं होतं. त्यांतला एक त्यांचा सख्खा मावसभाऊ होता.

पप्पांनी शुलमिथचा हात हळूच सोडवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते पुढे चालायला लागले. चर्चमध्ये एकच कल्लोळ झाला. उपास धरणाऱ्या आजीबाई किंचाळल्याच.

गायनमंडळींच्या मागे पडदा होता, तो सरकला. काचेचा हौद, आणि मागच्या भिंतीवर रंगवलेली नदी नि ताडाची झाडं. पप्पांना पांढरा झगा घातला होता. छातीएवढ्या गार पाण्यात ते कापत होते. क्रेगने त्यांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "तू आज, आयुष्यात पहिल्यांदा, येशूला आपला प्रभू मानतोस का?"

'पहिल्यांदा' हा शब्द त्याने कॅमेऱ्यासाठी जरा जोरात म्हटला.

पप्पा थांबले. हाच प्रश्न, त्यातला तो एक शब्द सोडून, त्यांनी हयातभर लोकांना विचारला होता. त्यांनी माझ्या दिशेने पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना मी काही दिसत नसणार. मला अजूनही उठता आलं असतं. नुसतं उभं राहून 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"येस," पप्पा म्हणाले.

क्रेगने त्यांना पाण्याखाली घातलं आणि वर काढलं. चर्च डोक्यावर घेतलं लोकांनी. प्रुइटने मला मिठी मारली, त्याचा टोप माझ्या खांद्यावर पडला, आणि मीही त्याला मिठी मारली.

गाडीत पप्पा मागे बसले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. शुलमिथ त्यांच्या शेजारी. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी आरशातून पाहत म्हणालो, "पप्पा, नुसतं पाणी होतं हो. देवाला ठाऊक आहे ना सगळं."

"देवाला ठाऊक आहे," पप्पा म्हणाले. "पेत्र प्रभूचा शिष्य असून 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, तेव्हा निदान कोंबडं तरी आरवलं. इथे टाळ्या वाजल्या."

सोमवारी सकाळी सही झाली. प्रुइट निवडणूक जिंकला. पप्पा तीन महिन्यांसाठी आले होते, ते बाविसाव्या दिवशी परत गेले.

दीड महिन्याने मंडळीचे सेक्रेटरी ओहोळ सर यांचं पत्र आलं. पप्पा परतल्यानंतर पहिल्याच रविवारी उपासना संपता संपता उभे राहिले होते. म्हणाले, "मी परदेशात, एका मंडळीसमोर, आजवर प्रभूला ओळखत नव्हतो असं कबूल करून दुसरा बाप्तिस्मा घेतला. मला शिस्त लावा." का घेतला ते सांगेनात. विचारलं की म्हणत, "तोंड माझंच होतं." त्या दिवसापासून ते उपदेश करत नव्हते, प्रभुभोजनाची भाकर नि प्याला घेत नव्हते, दाराजवळच्या बाकावर बसत होते. ओहोळ सरांनी शेवटी लिहिलं होतं, "जयवंत, यामागे काहीतरी आहे हे कमिटीला कळतं. तुझ्या दोन ओळी आल्या तर आम्ही त्यांना त्याच रविवारी मानाने पुढे आणू."

दोन ओळी. मी त्या चारदा लिहिल्या. पण प्रुइटचे लोक तोवर नगरच्या मंडळीला पत्रं धाडायला लागले होते, त्यांना नव्या विश्वासणाऱ्याला भेटायला यायचं होतं. माझ्या ओळी फिरून इकडे आल्या तर? ग्रीन कार्डाची मुलाखत व्हायची होती. ती झाली, तर म्हटलं नागरिकत्व होऊन जाऊ दे. शुलमिथ म्हणाली, मी लिहिते. मी म्हटलं, पोरीचा विचार कर. पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला मी बरं पुढे केलं.

पप्पा पाच वर्षं दाराजवळ बसले. ते गेल्यावर ओहोळ सरांचं दुसरं पत्र आलं, छोटंसं. शेवटच्या दुपारी नवा पाळक प्रभुभोजन घेऊन खाटेपाशी गेला होता. म्हणाला, आता पुरे झालं, घ्या. पप्पांनी विचारलं, "जयवंतचं पत्र आलं का?" तो नाही म्हणाला. मग पप्पांनी हाताने प्याला बाजूला केला.

याला आता बरीच वर्षं झाली. मी इथला नागरिक आहे. मतदान करतो. न्यू गिलबोआचा पंच आहे. दर जुलैत, झेंड्याची शपथ झाली की, माझी साक्ष असते. नाग मी आता काढून टाकलाय, हल्ली तो कुणाला खरा वाटत नाही. पण हौदाचा प्रसंग सांगतो, पप्पांनी चष्मा काढून दिला तिथपासून, आणि तिथे हमखास सगळे रडतात. शुलमिथ त्या रविवारी घरीच थांबते.

साक्ष संपली की कुणीतरी बाई हमखास माझा हात धरते, डोळे पुसते आणि विचारते, "तुमचे वडील मग शेवटपर्यंत विश्वासात टिकले ना?"

"टिकले," मी सांगतो.